बालविवाह थांबवल्यानंतर त्या मुलीचे पुढे काय होते?

गोदाकाठ (धागाकर्ती)

मराठवाड्यात लग्नसराई सुरू झाली की स्थानिक वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. अमुक गावात बालविवाह रोखला; १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कोणीतरी फोन केला, ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात पोहोचले, नवरी पंधरा-सोळा वर्षांची निघाली, आणि ‘अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलीचे लग्न करणार नाही’ असे हमीपत्र आईवडिलांकडून लिहून घेतले. बातमी तेथे संपते. जिल्हा परिषदेच्या शाळेत अनेक वर्षे शिकवल्यामुळे अशा मुली बातमीच्या आधी आणि नंतरही माझ्या पाहण्यात आल्या आहेत. हमीपत्रावर सही झाल्यानंतर मुलगी वर्गात परत येते, की आठवडाभरात मामाच्या गावी एखाद्या देवळात चार माणसांच्या साक्षीने तिच्यावर अक्षता पडतात, हे पाहणारी व्यवस्था आपल्याकडे फार दुबळी आहे. प्रश्नाची खरी मेख माझ्या मते तेथेच आहे.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातील स्त्रियांना त्यांचे लग्न कोणत्या वयात झाले, हे विचारतात. अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये ३९.४ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ते २६.३ वर आले आणि २०१९-२१ मध्ये २१.९ वर. म्हणजे उतार आहे, पण तो मंदावला आहे, आणि ज्या राज्याला आपण अभिमानाने पुरोगामी म्हणतो, ते देशाच्या सरासरीपेक्षा (२३.३ टक्के) जेमतेम दीड टक्क्याने बरे आहे. जिल्हावार पाहिले तर चित्र आणखी विदारक दिसते. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के आढळले. पश्चिम बंगाल आणि बिहार ही या बाबतीत देशातील सर्वांत वाईट स्थितीतील राज्ये, आणि तेथील प्रमाण एक्केचाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. आपले हे दोन जिल्हे त्यांच्याही पुढे आहेत.

बीडमधील कारणांविषयी बोलायचे तर ऊसतोडीपासूनच सुरुवात करावी लागते. दसरा-दिवाळीला मजुरांच्या टोळ्या गाव सोडतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा कंत्राटदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर ज्या घरात वयात आलेला मुलगा आहे, त्या घराला सून हवी असते, कारण सून आली की पूर्ण कोयत्याची उचल मिळते. ज्या घरात वयात आलेली मुलगी आहे, त्या घराला सहा महिने तिला कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न पडलेला असतो. या दोन गरजा एकमेकींना भेटतात आणि सोयरीक जुळते. मुलीच्या इच्छेचा प्रश्न या व्यवहारात कोठेच येत नाही.

शाळेत याची चाहूल आधीच लागते. आठवी-नववीतील मुलगी एखादा दिवस गैरहजर राहते, आणि मैत्रिणी सांगतात, ‘तिला बघायला पाहुणे आले होते, बाई.’ मग ती पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर जाऊन बसते, गृहपाठ करणे सोडते. काही वेळा वडील वर्षाच्या मध्यावरच दाखला मागायला येतात, कारणाच्या रकान्यात ‘पालकांची विनंती’ असे लिहिले जाते आणि दाखला दिला जातो. पुष्कळ वेळा तेही होत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पटावर नाव तसेच राहते, हजेरीच्या चौकटीत मात्र रोज गैरहजेरीची खूण पडत जाते. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच आहे, म्हणजे मुलीला शाळेची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वयात शासनाची बांधिलकी संपते. आठवीनंतर शाळा दुसऱ्या गावात असते, एस.टी. वेळेवर असतेच असे नाही, आणि रस्त्यावरच्या टवाळखोर मुलांचे निमित्त पुढे करून शाळा बंद केली जाते. शाळा सुटलेली मुलगी घरी बसली की सहा महिन्यांच्या आत स्थळे येऊ लागतात.

माझे म्हणणे एवढेच की कायदा, पोलीस आणि वर्तमानपत्रे यांचे सारे लक्ष लग्नाच्या एका दिवसावर असते, आणि निर्णय मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. वैद्यकीय क्षेत्रातील, वकिलीतील आणि प्रत्यक्ष त्या गावांतील सदस्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

पळसफूल

गोदाकाठ ताई, हा विषय मांडल्याबद्दल आभार. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर ग्रामीण रुग्णालयात काम केले आहे, त्यामुळे लग्नानंतरची बाजू लिहिते.

बाह्यरुग्ण विभागात अशी मुलगी सासूबरोबर येते. कार्डावर वय १९ लिहिलेले असते. तिला तिचा जन्म कोणत्या साली झाला हे विचारले तर ती सासूकडे पाहते. ‘तू दहावीला कधी होतीस?’ असे विचारले तर नकळत खरे उत्तर देते, आणि त्यावरून हिशेब लागतो. वजन चाळीस किलोंच्या आत असते, हिमोग्लोबिन सात-आठच्या आसपास. देशात १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे, म्हणजे ही मुलगी अपवाद नव्हे. तिच्या कंबरेच्या हाडांची वाढ अजून पूर्ण झालेली नसते, त्यामुळे प्रसूती अडण्याचा धोका असतो. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोकाही या वयात अधिक असतो. तिच्या स्वतःच्या शरीरालाच पुरेसे अन्न मिळत नसताना पोटातील बाळही त्यातच वाटेकरी होते, आणि मग कमी वजनाचे, वेळेआधी जन्मलेले मूल हाती येते. मेळघाटातील बालमृत्यूंच्या जनहित याचिकेवर सुनावणी करताना २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बालविवाह हे कुपोषणामागील एक कारण असल्याची दखल घेतली होती. त्या वेळी राज्याने १६ आदिवासी जिल्ह्यांत केलेल्या पाहणीत तीन वर्षांत १५ हजारांहून अधिक बालविवाह झाल्याचे पुढे आले होते.

मला अधिक अस्वस्थ करते ती पहिल्या प्रसूतीनंतरची वाटचाल. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या-अठराव्या वर्षी पहिले मूल, विशीत दुसरे किंवा तिसरे, आणि बाविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. पाळणा लांबवण्याची साधने असतात, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा मोळी उचलायला लागते. फडात, म्हणजे उसाच्या शेतात, शौचालय नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही. जंतुसंसर्ग, अंगावर जाणे आणि कंबरदुखी यांनी ती बेजार होते. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. मग कोणीतरी खासगी दवाखान्यात पिशवी काढून टाकण्याचा सल्ला देते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांतील अनेकींनी पस्तिशीही गाठली नव्हती. या स्त्रियांच्या आयुष्याची सुरुवात पाहायला गेले तर बहुतेक वेळा लवकर झालेले लग्न सापडते. ज्या वयात शहरातील मुलगी नोकरी आणि लग्न यांचा विचार सुरू करते, त्या वयात हिचे बाळंतपण, पाळी आणि तारुण्य सगळे आटोपलेले असते.

आणखी एक अडचण कायद्यानेच निर्माण केली आहे. अल्पवयीन मुलगी गरोदर आहे हे लक्षात आल्यावर पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे आम्हाला बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे असे मी मानत आले. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की नवऱ्याला अटक होईल या भीतीने सासरची माणसे मुलीला सरकारी दवाखान्यात आणेनाशी झाली. नोंदणी होत नाही, लोहाच्या गोळ्या मिळत नाहीत, धोक्याची लक्षणे कोणी पाहत नाही, आणि ती येते ती थेट कळा सुरू होऊन दोन दिवस झाल्यावर. आशाताईंना गावात सर्व माहीत असते, पण त्यांनाही त्याच गावात राहायचे असते.

सातमाळा

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. माझे काका-काकू अजूनही तोडीला जातात, त्यामुळे आईवडिलांची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. बालविवाहाचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही.

कारखान्याच्या परिसरात उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी, म्हणजे झोपडी असते. पहाटे तीन-चार वाजता आईवडील फडावर जातात आणि रात्री गाडी भरून परततात. चौदा वर्षांची मुलगी बरोबर नेली तर ती दिवसभर त्या कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळत एकटी असते, आणि आजूबाजूला अनोळखी टोळ्या, वाहनचालक, दारू प्यालेली माणसे असतात. गावी ठेवावी तर घरात साठ-सत्तर वर्षांची आजी, जिला डोळ्यांनी धड दिसत नाही. मुलीच्या बाबतीत काही अघटित घडले तर दोष तिलाच, आणि तिच्या पाठच्या बहिणींची लग्ने अडणार. अशा वेळी बाप म्हणतो, ‘उजवून टाकली की आपण मोकळे.’ त्याच्या डोक्यात त्या क्षणी मुलीला संकटात ढकलण्याचा विचार नसतो. संकटातून सोडवण्याचाच असतो. तो चुकतो, हे उघड आहे. पण त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवल्याशिवाय त्याला चूक म्हणणारे आपण कोण?

हंगामी वसतिगृहे कागदावर आहेत. आमच्या गावात ते वसतिगृह म्हणजे शाळेतच दोन वेळच्या जेवणाची सोय होती आणि रात्री मुले आपापल्या घरीच झोपत. मुलाला ते चालते. मुलीसाठी रात्रीची सुरक्षितता हाच तर प्रश्न आहे, आणि त्याला या योजनेत उत्तर नाही. त्यातही टोळी दसऱ्याला निघते आणि वसतिगृह दिवाळीनंतर सुरू होते, तोवर निर्णय होऊन गेलेला असतो.

मुळामुठा

सातमाळा, तुमची वेदना समजते, तरीही मला हे पटत नाही. गरिबीचे कारण दिले की सगळेच माफ होते का? त्याच तालुक्यांत सधन शेतकऱ्यांच्या घरीही सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची लग्ने धूमधडाक्यात होतात, आमदार-खासदार आशीर्वाद द्यायला येतात. आईवडील, भटजी, मंगल कार्यालयाचा मालक, आचारी, लग्नपत्रिका छापणारा या सर्वांवर सरसकट गुन्हे दाखल झाले पाहिजेत. दहा-वीस जणांना शिक्षा झाली की इतरांना जरब बसेल. कायदा आहे, पण त्याची अंमलबजावणी नाही, एवढेच मला दिसते.

निळी शाई

मी वकिली करते आणि महिला व बालविकास विभागाच्या काही प्रकरणांशी माझा संबंध आला आहे. कायद्याविषयी इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यातील उपयोगाच्या तरतुदी फारशा वापरल्याच जात नाहीत.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ चा असून तो १ नोव्हेंबर २००७ पासून लागू आहे. मुळामुठा यांनी ज्यांची नावे घेतली, ते जवळजवळ सर्वजण त्याच्या कक्षेत येतात. अल्पवयीन मुलीशी लग्न करणारा सज्ञान पुरुष, लग्न लावणारा किंवा त्यास साहाय्य करणारा, आणि ते होऊ देणारे पालक यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्नाला हजर राहणेही त्यात येते. सासू किंवा आई यांना मात्र कारावास देता येत नाही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. महाराष्ट्रात ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. येथेच पहिला पेच आहे. ज्याला त्याच गावात घरपट्टी वसूल करायची आणि ग्रामसभा घ्यायची आहे, त्याने सरपंचाच्या भावकीतील लग्न थांबवावे अशी आपण अपेक्षा करतो.

हमीपत्राविषयी गोदाकाठ ताईंनी लिहिले ते अगदी खरे आहे. हमीपत्राला कायद्याचे बळ फार थोडे आहे. त्याऐवजी कलम १३ वापरले पाहिजे. बालविवाह ठरला आहे अशी खात्रीची माहिती असेल तर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, एखादी संस्था, किंबहुना कोणतीही व्यक्ती प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते, आणि ते मनाई हुकूम देऊ शकतात. तातडीच्या प्रसंगी दुसऱ्या बाजूला नोटीस न देताही अंतरिम मनाई देता येते. या हुकमाचे बळ असे की तो मोडून लग्न लावले तर ते लग्न मुळातच निरर्थक ठरते, मग ते मामाच्या गावी लावा की दुसऱ्या राज्यात. एरवी बालविवाह आपोआप रद्द होत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. तो रद्द होण्याजोगा असतो, म्हणजे जिचे किंवा ज्याचे लग्न लहानपणी झाले तिने किंवा त्याने स्वतः जिल्हा न्यायालयात अर्ज केला पाहिजे. मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत तिला हा अर्ज करता येतो. अल्पवयीन असताना पालकामार्फत किंवा हितचिंतक व्यक्तीमार्फत, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यांच्या साथीने करता येतो. पोटगी आणि राहण्याची सोय मागण्याचा हक्क तिला आहे, आणि त्या लग्नातून झालेले मूल औरसच मानले जाते. पण ज्या मुलीला तालुक्याच्या गावी जायलाही सासऱ्याची परवानगी लागते, तिला हे कोण सांगणार? वीस वर्षे उलटली की हा दरवाजा बंद होतो आणि तिच्यापुढे घटस्फोटाचा लांबचा रस्ता उरतो.

आता सरसकट अटकांविषयी. आसाममध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये हा प्रयोग झाला. काही दिवसांतच तीन हजारांहून अधिक माणसांना पकडले, त्यांत जुन्या लग्नांतील नवरेही होते. पोलीस ठाण्यांबाहेर तान्ही मुले कडेवर घेऊन तरुण स्त्रिया उभ्या राहिल्या, कारण घरातील मिळवता माणूसच आत होता. पॉक्सोची कलमे सरसकट लावण्यावर आणि लोकांच्या खासगी आयुष्यात यामुळे उडालेल्या गोंधळावर गुवाहाटी उच्च न्यायालयाने कडक शब्दांत प्रश्न उपस्थित केले. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मधील निकालात केवळ खटले भरण्याऐवजी प्रतिबंधावर भर द्यावा, समाजासमाजांनुसार वेगळे उपाय करावेत, असे सांगितले. अटक ही शेवटची पायरी असली पाहिजे. लग्न लावण्यातून पैसे मिळवणारे दलाल, वारंवार अशी लग्ने लावणारे आणि मनाई हुकूम मोडणारे यांच्याबाबत मात्र दयामाया नको, या मताशी मी सहमत आहे.

जुनी पाने

या चर्चेत रखमाबाईंची आठवण काढणे मला गरजेचे वाटते. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले आणि त्या माहेरीच राहून शिकल्या. पुढे नवऱ्याने त्यांनी नांदायला यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा, असे सांगितले. न समजत्या वयात लावलेले लग्न मला मान्य नाही, तुरुंग मान्य आहे, असे त्यांनी बजावले. १८८८ मध्ये तडजोड झाली. नंतर त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे स्त्रियांची सेवा करत राहिल्या. त्या खटल्याने उठलेल्या वादळानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि वय दहावरून बारा झाले. लोकमान्य टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला होता, हेही लपवण्याचे कारण नाही. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरवले, १९४९ मध्ये ते पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाले.

हे सांगण्याचे कारण असे की रखमाबाई लढू शकल्या, कारण त्यांच्या पाठीशी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, त्यांची पुस्तके आणि माहेरचे घर होते. आज हमीपत्रावर ज्या मुलीचे नाव असते तिच्यामागे कोण आहे, हा गोदाकाठ ताईंचाच प्रश्न आहे.

सातमाळा

निळी शाई, मनाई हुकमाची माहिती मला नव्हती. आमच्या गावच्या ग्रामसेवकालाही असेल असे वाटत नाही. धन्यवाद.

मुळामुठा यांचा सधन घरांविषयीचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागेल. तेथे पोटाचा प्रश्न नसतो, भीती असते ती मुलीने स्वतःच्या मनाने कोणाची तरी निवड करण्याची, आणि विशेषतः तो मुलगा दुसऱ्या जातीचा असण्याची. कुठल्याशा गावातून एक मुलगी पळून गेली की त्या हंगामात आजूबाजूच्या चार गावांतील दहावी-अकरावीच्या मुलींची लग्ने ठरतात. मोबाइल हाती सापडला म्हणून आठ दिवसांत लग्न लावल्याचे मी पाहिले आहे. ही भीती कोणीच उघड बोलत नाही. सगळे गरिबीच्या नावावर खपवले जाते. माझ्या मते मुलीच्या लग्नाचे वय एकवीस करण्याचा जो प्रस्ताव २०२१ मध्ये संसदेत आला होता आणि पुढे लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळला, तो मंजूर झाला असता तर या बापांच्या हाती एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींच्या निवडीविरुद्ध आणखी एक हत्यार आले असते.

गोदाकाठ

सर्वांचे प्रतिसाद मनापासून वाचले. सातमाळा, जातीच्या भीतीविषयी तुम्ही लिहिले ते शिक्षिका म्हणून मी रोज पाहत होते. त्यात एक गोष्ट जोडते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल, हुंडा कमी होईल, असे त्या काळी काही जण म्हणत. घडले ते उलटेच. मुलींना मागणी लवकर येऊ लागली, वयाची तिशी गाठलेल्या मुलांच्या घरचे लोक पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे दार ठोठावू लागले, काही ठिकाणी लग्नाचा खर्च मुलाकडचे करू लागले, आणि कर्जात बुडालेल्या बापाला नाही म्हणणे आणखी अवघड झाले. हुंड्याचे गणितही वयाशीच बांधलेले आहे. मुलगी जितकी मोठी आणि शिकलेली, तितका मुलगा अधिक शिकलेला पाहावा लागतो आणि हुंड्याचा आकडा चढतो. टाळेबंदीत दोन्ही बाजूंनी पन्नास माणसांत लग्न उरकण्याची मुभा मिळाली, शाळा बंद होत्याच, आणि कित्येक घरांनी खर्च वाचतो म्हणून दोन बहिणींची लग्ने एकाच मांडवात लावली. धाकटी सातवीत होती, असेही एक उदाहरण माझ्या माहितीत आहे.

मुळामुठा, शिक्षा नको असे माझे म्हणणे नाही. परंतु लग्न थांबवल्यावर बापाला आत टाकले तर ती मुलगी त्याच घरात ‘बापाला तुरुंगात घालणारी’ म्हणून राहणार. १०९८ वर स्वतः फोन करणाऱ्या मुलींना नंतर काय सोसावे लागते, याची कल्पना बाहेरच्यांना येत नाही. आई बोलत नाही, आजी जेवायला वाढत नाही, शाळेत जाणे बंद होते. त्या मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करून, तिची इच्छा विचारून, गरज असेल तर बालगृहात किंवा वसतिगृहात ठेवण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात तिला त्याच संध्याकाळी त्याच घरी सोडून दिले जाते.

मुळामुठा

तुम्हा सर्वांचे लिखाण वाचून माझे मत पुष्कळ बदलले आहे. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील ज्या कारखान्यांची साखर आम्ही खातो, त्यांची या मुलींविषयी काही जबाबदारी आहे का? आणि गावाबाहेरच्या माणसाने मदत करायची ठरवली तर नेमके कोठे हात लावावा?

गोदाकाठ

कारखाने सांगतात की मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. आणि मुकादम सांगतो की मी फक्त उचल वाटतो. या टोलवाटोलवीत मजुराची नोंदच होत नाही. कारखान्याने प्रत्येक कोयत्यामागच्या कुटुंबाची, मुलींच्या नावावयांसह, गाळप सुरू होण्याआधी नोंद केली आणि अठरा वर्षांखालील मुलगी कोयत्यावर दिसली तर त्या मुकादमाची उचल रोखली, तर पूर्ण कोयत्यासाठी होणाऱ्या लग्नांना मोठा चाप बसेल. हे कारखान्यांना सहज शक्य आहे, कारण वजनकाट्यावर कोणत्या टोळीचा किती टन ऊस आला याचा हिशेब ते किलोपर्यंत ठेवतात.

मदतीविषयी बोलायचे तर ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. मुलींची वसतिगृहे दसऱ्याच्या आधी उघडली पाहिजेत, त्यांत रात्री स्त्री अधीक्षक राहिली पाहिजे, आणि जागा भरल्या म्हणून कोणाला परत पाठवता कामा नये. तुमच्या ओळखीची संस्था असेल तर तिने एका तालुक्यात एवढीच गोष्ट लावून धरावी. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास आहे आणि मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्या आहेत. त्या शाळेच्या वेळेत धावतात का, हे पाहायला गावात आठवडाभर राहणारा माणूसही पुरेसा आहे. ‘लेक लाडकी’ योजनेत अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार रुपये मिळतात, परंतु ती १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. आज जी मुलगी नववीत आहे तिला त्याचा काहीच लाभ नाही, आणि तिच्यासाठी अशी एखादी रक्कम बारावीच्या निकालाशी जोडून द्यावी, अशी मागणी आपण सर्वांनी केली पाहिजे.

लग्न थांबवलेल्या मुलीच्या बाबतीत माझी सूचना अगदी साधी आहे. हमीपत्राची एक प्रत तिच्या मुख्याध्यापकांकडे यावी, आणि ती सलग तीन दिवस गैरहजर राहिली तर मुख्याध्यापकांनी ग्रामसेवकाला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवावे. हजेरीपट रोज भरला जातोच, त्यामुळे यासाठी नवा कर्मचारी किंवा नवा निधी लागत नाही. कळवल्यावर निळी शाई यांनी सांगितलेला मनाई हुकमाचा अर्ज त्याच आठवड्यात झाला पाहिजे.

पळसफूल

ज्यांची लग्ने होऊन गेली आहेत, त्यांच्यासाठीही एवढेच तपशीलवार कोणी लिहिले तर बरे होईल. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी पुष्कळ जणी नववी-दहावीत हुशार होत्या, आणि ‘आता काही होऊ शकतं का, मॅडम?’ असे दबक्या आवाजात विचारतात.

गोदाकाठ

होऊ शकते. दहावी आणि बारावीच्या परीक्षेला राज्य मंडळाकडे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, आणि लग्न झाले म्हणून कोणालाही नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो. दाखला हरवला असेल तर मूळ शाळेतून दुसरी प्रत मिळते. फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, त्यामुळे पावसाळ्यातच जवळच्या माध्यमिक शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात चौकशी करावी. सासरचे लोक दाखला आणायला जाऊ देत नसतील तर मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी पाठवा, पुष्कळ शाळा आशाताईंमार्फत दाखला पोहोचवतात. तुमच्या दवाखान्यात येणाऱ्या मुलींना लसीकरणाच्या दिवशी ही माहिती लिहून दिलीत तर फार बरे होईल, कारण त्या दिवशी घराबाहेर पडायला त्यांना कोणी अडवत नाही. निळी शाई, लग्न रद्द करण्याच्या अर्जाची माहिती आणि तालुका विधी सेवा समितीत मोफत वकील कसा मिळतो हे त्याच कागदाच्या मागच्या बाजूला सोप्या भाषेत लिहून द्याल का? मी छापून घेण्याची व्यवस्था करते.

निळी शाई

रविवारपर्यंत मजकूर देते. अर्ज वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच करायचा असतो, हे वाक्य सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरांत छापा.